कोणासाठी आवरायचे?

आज एका साध्याच प्रश्नाचा विचार करू.

कीर्तनाच्या निमित्ताने आमचे गावोगावी जाणे होते. कीर्तन आटोपून मंडळी पांगली की एखादी वयस्क माउली जवळ येऊन हळूच बोलते, "महाराज, मालक गेले, लेकरं शहरात गेली. आता घर आवरायचं, चूल पेटवायची, ती कोणासाठी?" कोठे हेच गाऱ्हाणे बायको वारलेला म्हातारा सांगतो. चौकशी केली तर कळते की सकाळची भाकर रात्री चहात बुडवून खाल्ली जाते, अंथरूण दिवसभर तसेच पसरलेले असते, डॉक्टरांनी दिलेली गोळी फळीवरच राहते, तुळशीला दोन-दोन दिवस पाणी नाही. आणि लेक येणार असे समजले की हेच माणूस पहाटे उठून अंगण झाडते! म्हणजे हातात बळ आहे. सरले आहे ते प्रयोजन. याला आळस म्हणू नये. याच्या तळाशी दुःख आहे, आणि रागे भरल्याने दुःख जात नसते.

पण काही जण या दुःखावर वैराग्याची शाल पांघरतात. म्हणतात, "देह नाशिवंत, त्याचे कौतुक कशाला?" एकनाथ महाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ साली काशीस पूर्ण केली. तीत त्यांनी या शंकेचा निकालच लावला आहे. देह वाईट म्हणून टाकला तर मोक्षाचे साधन हातचे जाते. चांगला म्हणून भोगत बसले तर अधोगती ठरलेली. म्हणून नाथांचा सांगावा असा की देह भगवंताच्या कामी लावावा.

दिंडीतली वीणाच पाहा ना. लाकूड आणि तारा, याहून तिच्यात काय आहे? तीही एक दिवस झिजणारच. तरी विणेकरी तिला भुईवर टेकू देत नाही. दुसऱ्याच्या हाती देताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात. का? तिच्यावर नाम चालते म्हणून. मग ज्या देहाच्या मुखी नाम आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे, तो देह धुळीत टाकून कसा चालेल? वीणा जपणे हा मोह नव्हे, आणि देह जपणे हाही मोह नव्हे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की अति खाणाऱ्यास योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही. पुढे आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती या सर्वांना त्यांनी 'युक्त' हा एकच शब्द लावला. त्याचा सरळ अर्थ बेताचे, नेमाचे. पण धातू पाहिला तर युज्, म्हणजे जोडणे. आम्ही त्यातून एवढाच भाव घेतो की जेवण, झोप, झाडलोट ही कामे देवाशी जोडली की ती नुसती कामे राहत नाहीत. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना शौच, म्हणजे शुचिता, हेही एक लक्षण सांगितले आहे. आणि ज्ञानेश्वर माउलींनी ती शुचिता आत-बाहेर दोन्हीकडे मागितली आहे.

आता वारी आठवा. घरी पांघरुणाची घडी न करणारा माणूस वारीत अंधारात उठतो, गार पाण्याने अंघोळ करतो, गोपीचंदन लावतो, वळकटी बांधून दिंडीत उभा राहतो. तेथे त्याला कोणी "कोणासाठी?" असे विचारावे लागत नाही. देव पुढे आहे, सोबती शेजारी आहेत. मग घरी परतल्यावर तोच देव पंढरीस राहिला काय?

पुंडलिकाची कथा आपण सारे जाणतो. पांडुरंग पहिल्याने आला तो देवळात नव्हे, पुंडलिकाच्या घरी. आत मायबापांची सेवा चालली होती, आणि देव दाराशी विटेवर तिष्ठत राहिला. जनाबाईच्या झाडण्या-दळण्याला देवाने हात लावला, अशीच संतांची साक्ष आहे. गाडगे महाराजांचे निर्याण होऊन (२० डिसेंबर १९५६) कितीतरी वर्षे लोटली. त्यांनी स्वतःचे घरदार सोडले, पण केरसुणी सोडली नाही. आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. हे गाव कोणाचे, असे त्यांनी विचारले नाही.

तेव्हा माउली, लेक येईल तेव्हा येईल. पण ज्याच्यासाठी आवरायचे तो पाहुणा आधीच घरात आहे, तुझ्या हृदयातच आहे. सगळे घर एका दिवशी आवरायला निघू नका, दम लागेल. उद्या देवघरापुढची हातभर जागा झाडा. परवा तुळशीचा कट्टा. एकट्यापुरता भात का होईना, ताजा शिजवा, नैवेद्य दाखवा आणि प्रसाद म्हणून बसून खा. गोळीची डबी देवाच्या समईजवळ ठेवा, म्हणजे दिवा लावताना तिची आठवण होईल. साखरेचे दुखणे असणाऱ्यांनी एकादशीचा उपवास डॉक्टरांना विचारून करावा. औषध टाळणे हे व्रत नव्हे. आणि पंधरा-पंधरा दिवस अन्न गोड लागत नसेल, झोप येत नसेल, नामातही मन लागत नसेल, तर ते मनाचे आजारपण असू शकते. ते लपवू नये, डॉक्टरांना दाखवावे.

ज्यांचे घर भरलेले आहे त्यांनाही एक विनंती. शेजारच्या ज्या दाराशी सडा पडेनासा झाला, तेथे उपदेश घेऊन जाऊ नका. भाजीची वाटी घेऊन जा, घटकाभर बसा, निघताना "उद्या हरिपाठाला या" म्हणा. संध्याकाळी कोणीतरी आपली वाट पाहणार आहे, एवढे कळले तरी माणूस सकाळी उठून अंघोळ करतो.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!