मोलीचं पाणी

माझ्या टाकीतली मासोळी, काळी मोली, गाभण होती आणि जागच्या जागी थरथरत होती. आमचं नळाचं पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं. तिचे पूर्वज मेक्सिकोच्या आखाताकाठच्या निमखाऱ्या पाण्यातले. आठवडाभर मी रोज थोडं सागरी मीठ विरघळवून घालत गेले, लिटरला 5 ग्रॅमपर्यंत. समुद्रात असतं 35. थरथर थांबली.

मग तिने जिवंत पिल्लं दिली, आणि माझ्यादेखत त्यांतली 2 गिळली. जाळी घेऊन धावले, पण हात थांबला. मीठ घालताना मी तिचा स्वभाव मानला. मग हाही स्वभावच ना? आई म्हणायची, जनावराला पाप लागत नाही, पाळणाऱ्याला लागतं. काचेच्या त्या पेटीत पिल्लांना लपायला जागा मीच ठेवली नव्हती. संध्याकाळी जावा मॉस या पाणवनस्पतीचे 3 जुडगे आणले.