बांधावरचा वड आणि उंबर

जे कुटुंब नव्याने प्रभूकडे वळते त्याच्यापुढे कधीकधी असा प्रश्न उभा राहतो: ज्या वडास आपल्या आयाबहिणींनी सूत गुंडाळिले, ज्या उंबराखाली नैवेद्य ठेविला, ते झाड आता बांधावर राहू द्यावे की तोडून टाकावे? तोडू पाहणाऱ्याचा हेतू आम्ही वाईट म्हणत नाही. परंतु त्याने कुऱ्हाड खाली ठेवावी, असे आमचे सांगणे आहे.

झाडाने कोणाकडे पूजा मागितली नाही. उत्पत्तीच्या तिसऱ्या दिवशी देवाने झाडे उगविली व ती चांगली आहेत असे पाहिले. माणसाच्या भ्रमाने त्यांचे चांगलेपण जात नाही.

आता ह्या झाडांवर कोणाकोणाचे पोट चालते ते पाहा. फाल्गुनापासून मृगापर्यंत आपल्या जालना जिल्ह्यातील रान उघडे पडते आणि दुधनेच्या पात्रात वाळू तेवढी दिसते. २०१२-१३ च्या दुष्काळात तर पुष्कळ मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. अशा दिवसांतही वडाची सावली दाट असते, कारण त्याची मुळे खोल व दूरवर जातात. उंबर थोडे दिवस पाने गाळतो खरा, पण लौकरच पालवतो, आणि त्याच्या खोडालाच फळांचे घोस लागतात. कोकिळा, तांबट, मैना व हरियाल (हा आपल्या राज्याचा पक्षी होय) दिवसा येतात. रात्री वटवाघळे येतात. खाली पडलेले शेळ्या, खारी व मुंग्या खातात.

सर्व उंबर एकाच वेळी फळत नाहीत, ह्याचे कारण मोठे नवलाचे आहे. उंबराची फुले फळाच्या पोटात असतात. एक चिलटाएवढी माशी बारीक छिद्रातून आत शिरते, पराग पोहोंचविते, अंडी घालते व तेथेच मरते. तिची पिले बाहेर पडली म्हणजे त्यांचे आयुष्य एकदोन दिवसांचेच. तेवढ्यात दुसरे कोवळे फळ मिळाले नाही तर वंश बुडाला! म्हणून कोठे ना कोठे एखादे झाड फळलेले असावे लागते, आणि त्या योगे पाखरांचे कोठार बारा महिने उघडे राहते. गावातले एक झाड तोडिले म्हणजे ह्या साखळीची एक कडी तुटते.

शास्त्रातही उंबर परका नाही. आमोस संदेष्टा त्याची फळे गोळा करी. जक्कय त्यावरच चढला. वेढा घातलेल्या नगराचीसुद्धा फळझाडे तोडू नयेत असा नियम अनुवाद २०:१९ मध्ये आहे. मग आपल्याच बांधावरचे का तोडावे?

उपदेशक बंधूंनी दुसरीही एक गोष्ट मंडळीस समजावून द्यावी. शेळ्यांसाठी डहाळ्या छाटावयाच्या असतील तर आधी वर घरटे आहे की नाही ते पाहावे. पिलांसह आईस धरू नये, ही आज्ञा अनुवाद २२:६ मध्ये आहे. ज्यांच्या बांधावर झाड नाही त्यांनी पहिला पाऊस चांगला मुरल्यावर वडाची मनगटाएवढी फांदी रोवावी. ती सहज मूळ धरते. मात्र पहिली दोन वर्षे काट्यांचे कुंपण करावे, नाही तर शेळ्या ती राहू देणार नाहीत.