करगोट्यातला पैसा

शेगावात गजानन महाराजांच्या प्रकटदिनाच्या गर्दीत लेकरं हरवतात. माघ वद्य सप्तमीला गावोगावच्या दिंड्या येतात, रस्ते माणसांनी भरून जातात आणि कुठेतरी एक बोट हातातून सुटतं. मग भोंग्यावरून आवाज येतो : निळा सदरा, पायात चप्पल नाही, वय अंदाजे चार वर्षे, नाव सांगता येत नाही.

एका वर्षी मी तिथे जवळच उभा होतो. लेकरू सापडलं होतं, एका सेवाधाऱ्याच्या कडेवर होतं. बाई धावत आली. पदर सुटलेला, श्वास लागलेला. ‘माह्यं लेकरू’ म्हणत तिने हात पुढे केले. सेवाधारी अर्धं पाऊल मागे सरला. म्हणाला, ‘थांब माय. लेकराच्या कमरंले काय बांधेल हाये?’

रडता रडता ती म्हणाली, ‘काया करगोटा. त्यात तांब्याचा पैसा ओवेल हाये.’

त्याने सदरा वर करून पाहिलं. पैसा होता. मग लेकरू तिच्या खांद्यावर गेलं.

त्या प्रश्नाचा तिला राग आला नाही. आज जो मला विचारतो, तो माझ्याआधी आलेल्या परक्यालाही विचारेल, हे आईला कोणी शिकवावं लागत नाही.

*

मराठीत संशय घेतात आणि शंका काढतात. संशय माणसावर घेतात. शंका पुराव्यावर काढतात.

संशय घ्यायला हिंमत लागत नाही. शंका काढायला लागते. आणि समोर एका मेलेल्या लेकराची आई बसलेली असेल, तर फारच लागते.

*

२०१० च्या जूनमध्ये ठाणे जिल्ह्यात सहा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला, तिचा खून झाला. परप्रांतातून आलेला एक माणूस पकडला गेला. २०१४ साली ठाण्याच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा दिली, २०१५ साली उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. खंडपीठात भूषण गवई, विक्रम नाथ आणि संजय करोल हे तीन न्यायमूर्ती होते. निकाल करोल यांनी लिहिला.

त्या मुलीचं नाव मी लिहीत नाही, कायद्याने लिहू नये. त्या माणसाचंही लिहीत नाही. एकदा फाशीच्या बातमीत छापलेलं नाव सुटकेच्या बातमीने पुरतं पुसलं जात नाही.

काय सापडलं न्यायालयाला? तपास अधिकारी बदलत गेले, का ते कोणी सांगितलं नाही. नमुने प्रयोगशाळेत उशिरा पोचले, मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात होते याचा नीट हिशेब नव्हता. डीएनए खोटं बोलत नाही, असं आपण म्हणतो. पण डीएनए पाकिटात जातो. पाकिटाला लाखेचं सील लागतं, सीलवर ठसा लागतो, मुद्देमालाच्या रजिस्टरात तारीख लागते, नेणाऱ्याची सही लागते. त्यातला एक रकाना कोरा राहिला की विज्ञानही ऐकीव गोष्ट होऊन बसतं.

आणि आणखी एक. आरोपीच्या नावावर दाखवलेलं निवेदन मराठीत लिहिलेलं होतं. त्याला मराठी येत नव्हती. ते त्याला समजावून सांगितल्याचंही दिसत नव्हतं.

मराठीवर जीव असणाऱ्याने हे दोनदा वाचावं. ज्या भाषेत आपण लेकरांना जोजवतो, त्या भाषेत एका माणसाचं मरण लिहिलं गेलं, आणि तो ते वाचू शकत नव्हता.

*

पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि तो इंग्रजांनी केलेला होता. ज्यांच्या हाती दंडुका होता, त्यांनीच दंडुक्याखालच्या शब्दाची किंमत लिहून ठेवली. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो नियम टिकला आहे.

त्याला एक खिडकी आहे. आरोपीने सांगितलं आणि त्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर सांगण्यातला तेवढाच भाग धरला जातो. कित्येक खटले या एका खिडकीवर उभे राहतात. म्हणून तिथे जागता पहारा हवा : सांगितलं कोणी, कोणत्या भाषेत, पंच खरे होते का, आणि ती जागा पोलिसांना आधीच ठाऊक तर नव्हती?

*

‘याने केलं असेल’ आणि ‘यानेच केलं’ यांच्यामधलं अंतर लांब आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, शिवाजी साहेबराव बोबडे यांच्या प्रकरणात सांगितलं. १९८४ साली शरद बिरधीचंद सारडा खटल्यात परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या मांडल्या आणि त्यांना पंचशील म्हटलं. शेवटची कसोटी अशी, की साखळी इतकी पुरी असावी की निर्दोषपणाला वाजवी जागाच उरू नये.

साखळी कडीने मोजतात. शंभर कड्या भक्कम आणि एक नाही, तर ती साखळी नाही. ते दोन तुकडे आहेत.

आणि रागाचा असा एक गुण आहे की तो तुटलेल्या कडीच्या जागी स्वतःचं बोट घालतो.

*

निठारी आठवा. नोएडातलं गाव, मजुरांच्या वस्त्या. तिथून लेकरं एकामागून एक बेपत्ता होत होती. आईबाप ठाण्यात खेटे घालत होते आणि त्यांना परत पाठवलं जात होतं. २९ डिसेंबर २००६ ला एका बंगल्यामागच्या नाल्यात हाडं सापडली, आणि ज्या तपासाला इतके दिवस वेळ नव्हता, त्याला अचानक क्षणाचीही उसंत राहिली नाही.

घरगड्याने कबुली दिली. साठ दिवसांच्या कोठडीनंतर. त्याला अनेक खटल्यांत फाशी झाली. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला बारा खटल्यांत निर्दोष ठरवलं. उरला एक, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच शिक्षा कायम केली होती. एकच कबुली, त्याच जप्त्या. बारा ठिकाणी अविश्वसनीय आणि तेराव्या ठिकाणी शिक्षेला पुरेशा. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी क्युरेटिव्ह, म्हणजे शेवटच्या फेरविचाराच्या, याचिकेवर तीही शिक्षा रद्द झाली. त्या पीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, आमच्या वऱ्हाडातल्या अमरावतीचे.

उच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवली होती. अवयवांच्या व्यापाराची शक्यता सरकारच्याच एका समितीने सुचवली होती. ती नीट तपासलीच गेली नाही. घरात एक गरीब नोकर सापडल्यावर पुढे कोण शोधतो?

लेकरू एकदा घरातून हरवतं. चुकीच्या माणसाच्या गळ्याशी शोध थांबला, की ते दुसऱ्यांदा हरवतं. या वेळी ते फाइलमधून हरवतं.

*

सुरुवातीची हयगय आणि शेवटची घाई ही एकाच हलगर्जीची दोन टोकं आहेत. ‘येईल घरी, नातलगाकडे गेलं असेल’ असं पहिल्या दिवशी म्हणणारं ठाणंच ‘चोवीस तासांत आरोपी जेरबंद’ असं नंतर सांगतं. वाया घालवलेला वेळ कोणाच्या तरी मानेवर वसूल होतो.

१० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवा. ते पळवलं गेलं असं गृहीत धरूनच शोध सुरू करा. या एका ओळीसाठी किती आया ठाण्याच्या पायरीवर बसून राहिल्या असतील.

आमचं शेगाव स्टेशन मुंबई-हावडा मार्गावर आहे. इथून गाडीत बसलेलं लेकरू काही तासांत भुसावळ ओलांडतं किंवा नागपूर. इथे ‘उद्या या’ म्हणणं म्हणजे लेकराला आणखी दोन जिल्हे लांब ढकलणं.

*

मोर्चा शिक्षा मागतो. शिक्षा कोणाला, हे विचारणारा मोर्चा मी अजून पाहिलेला नाही.

मेणबत्ती धरलेला हात थरथरतो, ते दुःख खरं असतं. पण दुःख खरं आहे म्हणून आरोपी खरा ठरत नाही.

*

‘संशयाचा फायदा’ हा शब्दप्रयोग बदलायला हवा. फायदा हा बाजारातला शब्द. ठाण्याच्या त्या माणसाची २०१० ते २०२३ ही वर्षं गजाआड गेली, बरीचशी फाशीच्या सावलीत. नाशिकच्या २००३ मधल्या दरोडा आणि खुनाच्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली आणि २०१९ साली त्याच न्यायालयाने निर्दोष ठरवलं. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असा हुकूम झाला. सोळा वर्षांनी भागून पाहा.

फायदा त्यांना झाला नाही. शंका काढल्याचा फायदा आपल्याला आहे, कारण उद्या पाकिटावर आपलं नाव असू शकतं.

*

पण इथे थांबलो तर मी आईला फसवलं असं होईल.

निर्दोष सुटका झाली तरी ठाण्याच्या त्या मुलीचा खून झालेलाच आहे. निठारीची हाडं खरीच होती. तेरा वर्षं, एकोणीस वर्षं आईबापांना सांगत आलो की सापडला, तोच आहे, शांत व्हा. आणि एका सकाळी सांगतो, पुरावा नाही. ज्या दारावर त्यांनी राग टेकवला होता, ते दारच काढून नेलं. आता त्यांनी जायचं कुठे?

त्यांचा राग न्यायाधीशांवर निघतो. तो निघायला हवा कोऱ्या रकान्यावर. तो रकाना ज्याने कोरा ठेवला, त्याने दोन घरं एकदम बुडवली : एका घरातला माणूस नेला, दुसऱ्या घरातलं उत्तर.

काटेकोर तपास आरोपीवर मेहेरबानी म्हणून करायचा नसतो. त्या लेकरासाठी आता करता येण्यासारखं तेवढंच उरलेलं असतं.

*

मला तो सेवाधारी पुन्हा पुन्हा आठवतो. मागे माणसांचा लोंढा, समोर हंबरडा फोडणारी बाई, भोवती ‘देऊन टाका हो, आईच आहे’ म्हणणारे आम्ही. आम्ही सगळे दयाळू होतो. लेकराची काळजी मात्र त्या क्षणी एकट्या त्यालाच होती.

कमरेला पैसा निघाला नसता तर?

घरी येताना मी हेच स्वतःला विचारत होतो. त्या बाईला त्याने खोटं ठरवलं नसतं, तिला पाणी दिलं असतं, बसायला सांगितलं असतं. पण लेकरू दिलं नसतं. ते तसंच कडेवर धरून तो पुन्हा भोंग्यापाशी गेला असता : निळा सदरा, पायात चप्पल नाही, वय अंदाजे चार वर्षे.