हक्कदाराचा बोल

नैसर्गिक आपत्तीनंतर शासनाची मदत लांबली की आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक जण म्हणतो, जे झाले ती अल्लाहची मर्जी, आता सब्र करा, कार्यालयाच्या दारात ओरडून काय मिळणार? दुसरा म्हणतो, रस्ता अडवल्याशिवाय यांना जाग येत नाही. पहिल्याला आपण दीनदार समजतो आणि दुसऱ्याला तापट. मशिदीच्या ओट्यावर बसलेली वडीलधारी मंडळी सहसा पहिल्याच्या बाजूने मान डोलावतात. ज्यांचे घर कोरडे राहिले, त्यांची मान जरा अधिकच सहजतेने डोलते, हेही नमूद केले पाहिजे. शासनाच्या दिरंगाईविरुद्ध तक्रार करणे सब्राच्या विरोधात जाते काय, हा प्रश्न आपण दीनच्या प्रकाशात क्वचितच तपासतो.

बुलढाणा जिल्ह्याला हा प्रश्न पुस्तकी नाही. जुलै 2023 मध्ये, 22 तारखेच्या पावसाने सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत नदी-नाल्यांनी पात्र सोडले, घरांत पाणी शिरले आणि शेतांतील काळी माती खरडून गेली. 2025 च्या पावसाळ्यात मराठवाडा, सोलापूर आणि विदर्भातील अनेक जिल्ह्यांसह आपल्याकडेही उभी पिके पाण्यात गेली. 7 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य शासनाने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले आणि दिवाळीपूर्वी मदत पोहोचवण्याची ग्वाही दिली. दिवाळी येऊन गेली, तरी अनेकांच्या खात्यात काहीही जमा झालेले नव्हते. कोणाचे ई-केवायसी अडले होते, कोणाचे नाव यादीत नव्हते, कोणाचे क्षेत्र चुकीचे लागले होते.

आता मूळ भेदाकडे येऊ. पाऊस किती पडावा आणि नदीने कधी पात्र सोडावे, हे मानवाच्या हाती नाही. त्या बाबतीत ईमानधारकाचा प्रतिसाद सब्र हाच आहे. दिव्य कुरआनने भय, भूक आणि धन-जीव-पिकांच्या हानीने परीक्षा घेतली जाण्याची सूचना देऊन धैर्य राखणाऱ्यांना शुभवार्ता दिली आहे (2 : 155). परंतु पंचनाम्याचा कागद तहसीलमध्ये महिनाभर पडून राहणे ही नदीची करणी नव्हे. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी केलेला पंचनामा तहसीलदाराकडे, तेथून जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग अमरावतीला विभागीय आयुक्तांकडे आणि शेवटी मंत्रालयात जातो. शासन निर्णय निघाला की याद्या संकेतस्थळावर चढतात, शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो आणि तो सेवा केंद्रावर अंगठा देण्यासाठी रांगेत उभा राहतो. या वाटेवरच्या प्रत्येक टेबलामागे एक माणूस बसलेला असतो आणि प्रत्येक माणसाला उद्या जाब द्यायचा आहे. प्रत्येक जण मेंढपाळ असून आपापल्या कळपाबद्दल त्याला विचारले जाईल, या प्रेषितांच्या (स.) शिकवणीतून कोणतेही टेबल सुटत नाही. माणसाच्या कसुरीला तकदीर म्हणणे म्हणजे आपला आळस अल्लाहच्या नावावर खपवणे होय.

दिरंगाई स्वतःच जुलूम असते काय? ज्याची ऐपत आहे त्याने देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्टपणे सांगितले आहे (बुखारी, मुस्लिम). येथे देणे नाकारलेले नाही, केवळ लांबवलेले आहे, आणि तेवढ्यानेच ते जुलूम ठरले. याचे कारण शेतकरी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. हरभरा पेरायचा तर जमिनीतला वाफसा असेपर्यंत पेरावा लागतो. बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 रुपये पॅकेजमध्ये लिहिलेले असतात, पण ते जानेवारीत आले तर त्यांचे बियाणे होत नाही. मधल्या काळात माणूस कोणाकडे जातो, हे आपण जाणतो. ज्या व्याजापासून अल्लाहने इतक्या कठोर शब्दांत रोखले आहे, त्याच सावकाराच्या ओट्यावर हा विलंब त्याला नेऊन बसवतो. कर्ज घेणाऱ्याच्या गुनाहची चर्चा आपण पुष्कळ करतो. त्याला तेथवर ढकलणाऱ्या दिरंगाईची चर्चाही तेवढीच व्हावयास हवी.

येथे कोणी आक्षेप घेईल की शासनाची मदत ही मदत आहे, ते काही कर्ज नव्हे, मग कर्जाचा नियम तिला कसा लागू होईल? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु तिजोरीतला पैसा राज्यकर्त्यांचा नसतो, तो लोकांची अमानत असतो आणि अमानत हक्कदारापर्यंत पोहोचवण्याचा आदेश कुरआनने दिला आहे (4 : 58). आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 ने मदतीचे किमान निकष ठरवण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. 33 टक्क्यांहून अधिक नुकसानीला कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी 8,500 रुपये, हा 2025 मधील दर कोणा मंत्र्याच्या दयेतून आलेला नव्हता, तो निकषांत लिहिलेला होता. पंचनामा झाला, निकषात बसला, तारीख जाहीर झाली. त्यानंतर तो आकडा दान राहत नाही. वचनाबद्दल विचारणा होणारच आहे (17 : 34). सरकारी कागदावर ‘अनुदान’ हा शब्द छापलेला असतो, त्यामुळे घेणाऱ्याची मान उगाच खाली जाते.

मग घेणेकऱ्याने बोलावे काय आणि किती बोलावे? या बाबतीत प्रेषितांच्या (स.) जीवनातील एक घटना मला फार मोलाची वाटते. एका माणसाचा उंट प्रेषितांकडे (स.) येणे होता. तो मागायला आला आणि कठोर शब्दांत बोलला. सोबती संतापले, त्याच्यावर धावून जाणार होते. प्रेषितांनी (स.) त्यांना आवरले आणि सांगितले की ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे. मग त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट त्याला देवविला (बुखारी, मुस्लिम). त्याच्या बोलण्याची धार पाहून त्याचा हक्क कमी करण्यात आला नाही. आपल्या कार्यालयांत नेमके उलट घडते. आवाज चढला की ‘शासकीय कामात अडथळा’ आठवतो, आणि फाईल आणखी खाली जाते.

कुरआनचाही संकेत असाच आहे. उघडपणे वाईट बोलणे अल्लाहला अप्रिय आहे, परंतु ज्याच्यावर अन्याय झाला त्याला त्यातून वेगळे काढलेले आहे (4 : 148). ही सूट असली तरी तिला मर्यादा आहे. ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्याची अब्रू तक्रारीसाठी खुली होते, अशा आशयाच्या हदीसचा अर्थ सांगताना सुफयान (रह.) यांनी मोजके स्पष्टीकरण दिले: घेणेकऱ्याने म्हणावे की तू माझे देणे टाळलेस. एवढेच. त्याच्या आईबहिणीचा उद्धार त्यात येत नाही, त्याने पैसे खाल्ले असा पुराव्याविना आरोपही येत नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत मात्र तक्रार दोन ओळींत संपते आणि पुढच्या दहा ओळी तलाठ्याच्या जातीवर किंवा धर्मावर असतात. यादी मंत्रालयात अडलेली असताना गावात सापडणाऱ्या कोतवालाला शिव्या देणे हे तक्रारीचे स्वरूप नव्हे. कोणत्याही लोकांविषयीचा राग आपल्याला न्यायापासून ढळवू नये, हा आदेश (5 : 8) पीडितालाही लागू आहे. रास्ता रोको करताना बाळंतिणीची गाडी अडली, तर जिचा या विलंबाशी काडीचा संबंध नाही, तिच्याकडून आपण त्याची वसुली केली.

एक नाजूक गोष्टही बोलली पाहिजे. 11 फेब्रुवारी 2023 रोजी पीकविमा, अतिवृष्टीची मदत आणि कापूस-सोयाबीनच्या भावासाठी शेतकरी नेते रविकांत तुपकर यांनी बुलढाण्यात आत्मदहनाचा प्रयत्न केला आणि त्या दिवशी आंदोलकांवर लाठीमारही झाला. मागण्या न्याय्य असल्या, तरी स्वतःचा जीव पणाला लावण्याचा मार्ग आपल्यासाठी बंद आहे. जीव ही अल्लाहची अमानत आहे (4 : 29). 2006 साली पंतप्रधानांचे विशेष पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आले, त्यांत बुलढाणा होता. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याने गळफास घेतल्याच्या बातम्या इतकी वर्षे येत आहेत, तेथे हा हुकूम सांगताना आपला आवाज फार मऊ असावा. घरी येऊन धीर देणारा आणि तहसीलपर्यंत सोबत जाणारा माणूसच तो सांगण्यास योग्य आहे.

काही तरुण विचारतात, हे मोर्चे इतर लोकांचे, इतर पक्षांचे. आपण त्यात कशाला? त्यांनी ‘हिल्फुल फुजूल’ आठवावा. यमनच्या जबीद कबिल्यातील एका व्यापाऱ्याचा माल मक्केतील एका वजनदार सरदाराने घेतला आणि पैसे देण्याचे टाळले. परका माणूस, मागे कोणी नाही. तो अबू कुबैस टेकडीवर चढला आणि भर वस्तीत ऐकू जाईल अशा आवाजात त्याने आपली कैफियत मांडली. त्या हाकेतूनच अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी करार झाला की पीडित कोणीही असो, त्याचा हक्क मिळेपर्यंत सगळे त्याच्या पाठीशी राहतील. प्रेषितत्व मिळण्यापूर्वी मुहम्मद (स.) त्या करारात सहभागी होते आणि नंतरही त्यांनी त्याचा आनंदाने उल्लेख केला, आजही बोलावले तर आपण जाऊ, असे म्हटले. करार करणारे ईमानधारक नव्हते. त्या व्यापाऱ्याला टेकडीवरून उतरून सब्र कर असे सांगणारेही मक्केत असतीलच.

आणि हजरत उमर (रजि.) यांचा तो प्रसंग, जो आपण मुलांना सांगतो: रात्री मदीनेबाहेर चुलीवर पाण्याचे भांडे ठेवून भुकेल्या मुलांची समजूत घालणारी स्त्री. तिने खलीफांविरुद्ध अल्लाहकडे दाद मागितली. समोर उमर (रजि.) च उभे आहेत, हे तिला ठाऊक नव्हते. उमरला तुमची अवस्था कशी कळणार, असे त्यांनी विचारले, तेव्हा तिचा प्रश्न होता की मग आमचा कारभार घेऊन तो आमच्याकडे दुर्लक्ष का करतो? या गोष्टीत आपण पाठीवर पिठाची गोणी वाहणारे उमर (रजि.) पाहतो आणि तेथेच थांबतो. गोणी आली ती त्या स्त्रीच्या तक्रारीमुळे, हे आपल्या सांगण्यातून गळून जाते. उमर (रजि.) यांनी तिला माहितीचा अभाव हे कारण दिले होते, तिने ते स्वीकारले नाही आणि त्यांनीही पुन्हा दिले नाही.

जो शासनाकडे हक्क मागतो, त्याच्याकडेही कोणाचा हक्क अडकलेला असतो, म्हणून आता थोडे आपल्याच घराकडे. भरपाईच्या यादीत नाव सातबारावरून येते. शेत बटाईने करणाऱ्याचे नाव सातबारावर नसते. अर्धे बियाणे, अर्धे खत आणि सगळी मेहनत त्याची, पीक बुडाले तेही त्याचे, पण रक्कम जमा होते मालकाच्या खात्यात. वडिलांच्या पश्चात भावांनी सातबारा आपल्या नावे करून घेतला असेल, तर कुरआनने ठरवून दिलेला बहिणीचा हिस्सा जमिनीतही नाही आणि भरपाईतही नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात बोगस नावे घुसल्याचे उघड झाले आणि तलाठ्यांवर कारवाई झाली. ती नावे केवळ तलाठ्याच्या लेखणीने घुसली नसणार, खाते क्रमांक देणारेही कोणी होते. ज्या मालकांच्या खात्यात रक्कम आलेली आहे, त्यांनी यंदाच्या हंगामाची वही काढावी, बटाईदाराने बियाण्यावर आणि खतावर केलेला खर्च मांडावा आणि त्याच्या वाट्याची रक्कम हरभऱ्याची पेरणी सुरू असतानाच त्याच्या हाती द्यावी.