शास्त्रातील संख्या : मोजावे कोठे आणि मोजणे सोडावे कोठे?

देवाचे वचन नित्य वाचणाऱ्या मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. पवित्र शास्त्रात सात, बारा, चाळीस ह्या संख्या पुनःपुन्हा का येतात? त्यांच्या पोटी काही गूढ अर्थ आहे काय? आणि असल्यास, त्यावरून पुढे घडणाऱ्या गोष्टींचा हिशेब मनुष्यास मांडता येईल काय? हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नव्हे. संख्यांचा अर्थ नीट समजल्याने पुष्कळांची श्रद्धा दृढ झाली आहे. तो भलताच लावल्याने काहींची घरेदारे बुडाली आहेत. म्हणून त्याविषयी थोडा विचार वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, संख्या केवळ मोजण्याच्याच उपयोगी पडते असे नाही, ती बोलतेही. आपल्या मराठीतच पाहा. एखादी गृहिणी आपणास सतराशे साठ कामे आहेत असे म्हणते, तेव्हा त्या कामांची यादी करावयास कोणी बसत नाही. दोन भावांमध्ये छत्तीसाचा आकडा आहे असे ऐकताच, तीन आणि सहा ह्यांनी एकमेकांकडे फिरविलेली पाठ डोळ्यांपुढे उभी राहते. बारा बलुतेदार म्हटले की सगळा गाव आला. इब्री लोकांच्या भाषेतही अशाच बोलक्या संख्या होत्या.

इब्री भाषेत ‘सात’ आणि ‘शपथ वाहणे’ हे शब्द एकाच धातूच्या रूपाचे आहेत. अब्राहामाने विहिरीच्या तंट्यात अबीमलेखास सात मेंढ्या देऊन शपथ वाहिली, आणि त्या ठिकाणास बैरशेबा हे नाव पडले. देवाने सातव्या दिवशी आपल्या कामापासून विसावा घेतला. नामान कुष्ठी यार्देनेत सातव्यांदा बुडी मारून शुद्ध झाला. ह्यावरून सात म्हणजे जे पूर्ण झाले आणि ज्याविषयी शब्द दिला गेला ते, असे म्हणता येते. इस्राएलाचे वंश बारा, म्हणून प्रभूने प्रेषितही बारा निवडले. बारा म्हणजे देवाची अवघी प्रजा. चाळीस ही परीक्षेच्या काळाची संख्या आहे. जलप्रलयाचा पाऊस चाळीस दिवस पडला, इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात होते, निनवेस चाळीस दिवसांची मुदत मिळाली, आणि आपला प्रभु चाळीस दिवस उपाशी राहिला. परीक्षेला शेवट आहे, हेच सांत्वन त्या संख्येत आहे.

मत्तयाने प्रभूची वंशावळी चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन भागांत मांडली. तसे करताना त्याने योराम आणि उज्जीया ह्यांच्यामधील अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे गाळले. ही लबाडी नव्हे. इब्री अक्षरांना संख्येचे मोल असे, आणि दावीद ह्या नावातील तीन अक्षरांची बेरीज, चार, सहा व चार मिळून, चौदा होते. येशू हा दावीदाचा पुत्र आहे, हे मत्तयास सांगावयाचे होते, आणि जे त्याने शब्दांनी सांगितले त्यालाच संख्येने दुजोरा दिला, असे पुष्कळ पंडित मानतात. शास्त्रातील संख्या ज्या बोलतात, त्या उघड केलेल्या गोष्टीच बोलतात. शब्दांत नसलेले गुपित त्या फोडीत नाहीत.

हा भेद विसरल्याने काय होते, हे जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातील एका पाळकाच्या चरित्रावरून दिसते. मिखाएल श्टिफेल हा मार्टिन ल्यूथरचा स्नेही आणि मोठा गणिती होता. प्रकटीकरणातील ६६६ ही संख्या पोप दहावा लिओ ह्याच्या नावात सापडावी म्हणून त्याने त्या लॅटिन नावातील संख्यादर्शक अक्षरे मोजली. बेरीज १६५६ झाली. तेव्हा हजाराचे अक्षर ‘गूढ’ ह्या शब्दाचे आद्याक्षर म्हणून काढून टाकले, दहाव्याचे दहा मिळविले, आणि ६६६ झाले! पुढे पीटर बुंगुस नावाच्या रोमन कॅथलिक पंडिताने ल्यूथरच्याच नावातून तोच आकडा काढून दाखविला. श्टिफेल एवढ्यावर थांबला नाही. ऑक्टोबर १५३३ मधील एका सकाळी आठ वाजता जगाचा न्याय होणार, असा त्याने हिशेब केला आणि आपल्या लोखाव येथील मंडळीस सांगितला. ल्यूथरने सावध केले, ते त्याने ऐकले नाही. भोळ्या शेतकऱ्यांनी कामधंदा सोडला. आठ वाजले, आणि दिवस नेहमीसारखा गेला. त्याला अटक झाली व मंडळी त्याच्या हातून गेली. पुढे ल्यूथरच्या मध्यस्थीने त्यास दुसरी मंडळी मिळाली, आणि १५४४ मध्ये त्याने बीजगणितावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला.

तो मनुष्य मूर्ख नव्हता, दुष्टही नव्हता. त्याचे गणित चुकले, ही त्यातील लहान गोष्ट होय. तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणास ठाऊक नाही, असे प्रभूने सांगितले असता, जे देवाने आपल्या हाती ठेवले ते आपल्या मुठीत घेऊ पाहणे, ही मोठी चूक होती. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणून तिघांनी मिळून कामास निघण्यास भिणारा मनुष्यही त्याच वाटेने जातो. आकड्यात शुभही नाही आणि अशुभही नाही. प्रभु तिसऱ्याच दिवशी कबरेतून उठला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मोजावे तरी कशासाठी? दावीदाने लोकांची शिरगणती केली, तेव्हा ती पाप ठरली. पण मोशेने देवाच्या आज्ञेने तीच केली, आणि ६,०३,५५० हा आकडा शास्त्रात आदराने लिहिला गेला. मोजणे तेच, मन निराळे. तलवार धरणारे माझे किती, हे दावीदास पाहावयाचे होते. दृष्टांतातील मेंढपाळही मोजतो. नव्याण्णव घरी आहेत म्हणून अभिमान वाहावा यासाठी तो मोजीत नाही. मोजल्यावाचून एक हरवले हे कळत नाही, म्हणून मोजतो. आमच्या मंडळ्यांच्या वह्यांत सभासदांची संख्या असते. ती वार्षिक अहवालात शोभावी म्हणून आहे, की तीन रविवार जो दिसला नाही त्याच्या दारी जावे म्हणून आहे?

उलट, एका ठिकाणी प्रभु मोजणे बंद करावयास सांगतो. भावाला सात वेळा क्षमा करावी काय, असे पेत्राने विचारले. सात ही पूर्णतेची संख्या. पेत्रास आपण पुष्कळच देऊ केले असे वाटले असेल. प्रभूच्या उत्तराचा अर्थ सत्त्याहत्तर वेळा असा होतो, किंवा सत्तर गुणिले सात असाही होतो. तेच ग्रीक शब्द उत्पत्तीच्या जुन्या ग्रीक भाषांतरात लामेखाच्या तोंडी आहेत. काइनाचा सूड सातपट, तर आपला सत्त्याहत्तरपट, अशी लामेखाने बढाई मारली होती. सुडाची तीच संख्या प्रभूने उचलली आणि क्षमेच्या कामी लावली.

मग त्याने ऋणी दासाचा दृष्टांत सांगितला. त्यातील आकडे पाहा. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. दासाचे ऋण दहा हजार तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. सोबत्याकडून येणे होते शंभर दीनार. शंभर दिवसांची मजुरी गरिबास थोडी नाही! बांधाच्या वादात ज्याची हातभर जमीन गेली, त्याची हानी खरीच झालेली असते; प्रभु तिला खोटी म्हणत नाही. पण ज्याचे सहा कोटींचे ऋण माफ झाले, त्याने शंभरांसाठी भावाची मानगूट धरावी काय? अपराधांची टाचणे राखून ठेवणारा चारशे एक्याण्णवाव्या अपराधाची वाट पाहत असतो. त्याने पहिलीही क्षमा केलेली नसते.

प्रकटीकरणात योहानाने शिक्का झालेल्यांची संख्या ऐकली : १,४४,०००, बारा गुणिले बारा हजार. मग त्याने डोळे वर करून पाहिले, तो सर्व राष्ट्रांतील एवढा समुदाय की तो कोणाच्याने मोजवेना. देवाची कृपा आमच्या हिशेबात मावत नाही, हे ह्याहून स्पष्ट कसे सांगावे?

तर प्रिय बंधुभगिनींनो, जे हरवले आहेत त्यांना मोजा, आणि नावानिशी मोजा. भावाने केलेले अपराध मोजणे सोडा. येत्या प्रभुभोजनापूर्वी ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे त्याच्या घरी जाऊन यावे, अशी आमची सर्वांस विनंती आहे.