पात्र काल्पनिक, अश्रू खरे

एखादी मालिका संपली आणि घरातले कोणीतरी निघून गेल्यासारखे वाटले, असे तुमच्या बाबतीत कधी झाले आहे का? कादंबरीचे शेवटचे पान वाचून झाले, तरी पुस्तक मिटवेना, असे झाले आहे? त्या पात्राशी मनातल्या मनात बोलणे, ते आता काय करत असेल असा विचार करणे, आणि कोणी हसेल म्हणून गप्प राहणे, हे पुष्कळांच्या बाबतीत घडते. लोक ते बोलून दाखवत नाहीत, इतकेच.

बेंगळुरूत एका सत्संगानंतर एक आजी मागे थांबल्या होत्या. मूळच्या सांगलीकडच्या. पती गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणले. घर नवव्या मजल्यावर. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, शेजारी प्रेमळ, पण बोलणे सगळे कन्नडमध्ये. दुपारच्या मराठी मालिका, एवढीच त्यांना सोबत. त्यातल्या एका मालिकेतील म्हातारी एका भागात वारली. आजी इतक्या रडल्या की त्या रात्री जेवल्या नाहीत. घरातले हसले. नातू म्हणाला, "आजी, ती बाई उद्या दुसऱ्या मालिकेत दिसेल."

आजींनी मला हळूच विचारले, "ताई, माझं डोकं फिरलंय का हो? आमचे हे गेले तेव्हासुद्धा मी एवढी रडले नव्हते."

त्यांच्या प्रश्नातच त्याचे उत्तर होते. पण तिथपर्यंत पोहोचण्याआधी आपण जरा मागे जाऊया.

हे आजचे नाही

मोबाईल आला म्हणून हे सुरू झाले, असे समजू नका. १९३६ साली प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' आला. त्यात विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते. लोक त्यांच्या पायांवर डोके ठेवत. पुढे अनेक घरांत तुकोबा म्हणून जी तसबीर लागली, तिच्यात चेहरा पागनीसांचा होता. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी दूरचित्रवाणी संचाला हार घालणारी घरे तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असतील.

आणि बेंगळुरूत राहत असाल, तर रोज एक उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोरून जाते. येथील कितीतरी ऑटोंच्या मागे शंकर नाग यांचे चित्र असते. १९८० साली 'ऑटो राजा' या कन्नड चित्रपटात त्यांनी ऑटोचालकाची भूमिका केली. ३० सप्टेंबर १९९० रोजी, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी, एका रस्ता अपघातात ते गेले. आपल्या मराठी माणसांशीही त्यांचे नाते होते. मुंबईत मराठी रंगभूमीवर त्यांनी काम केले आणि '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. त्यांना जाऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला. आज ऑटो चालवणाऱ्या अनेक तरुणांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी ते चित्र निघालेले नाही.

का बरे? दिवसभर धुरात आणि गर्दीत ऑटो चालवणाऱ्या माणसाला कोणीतरी प्रथमच दाखवले की तुझ्यासारखा माणूसही कथेचा नायक असतो. त्याने ते मनात जपून ठेवले. यात हसण्यासारखे काही नाही. आपल्याला कोणीतरी पाहावे, आपली दखल घ्यावी, ही भूक खरी आहे.

मन असे का करते?

महर्षी पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या आहेत. त्यांपैकी एक आहे विकल्प. शब्द ऐकला, त्याचे चित्र मनात उभे राहिले, पण त्यामागे वस्तू मात्र नाही, अशी ही वृत्ती. मालगुडी हे गाव कोणत्याही नकाशात नाही. आर. के. नारायण यांनी ते कागदावर वसवले. त्यांची 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही कादंबरी १९३५ मध्ये आली. पुढे शंकर नाग यांनीच 'मालगुडी डेज' ही मालिका केली आणि तिचे चित्रण आगुंबे या गावी झाले. ती पाहिलेल्या माणसाला मालगुडी म्हटले की कौलारू घरे आणि शाळेतून पळत येणारा स्वामी दिसतो, आणि आपण तिथे राहून आलो आहोत असे वाटते. वस्तू नाही, तरी ओढ आहे. याला विकल्प म्हणतात.

पतंजलींनी विकल्पाला पाप म्हटलेले नाही, हे ध्यानात घ्या. त्यांनी सांगितले की वृत्ती क्लिष्ट असते किंवा अक्लिष्ट. एकच वृत्ती तुम्हाला बांधू शकते आणि तीच मोकळेही करू शकते. म्हणून 'काल्पनिक पात्रावर जीव लावणे चांगले की वाईट?' हा प्रश्न अपुरा आहे. ते प्रेम तुम्हाला कुठे घेऊन जाते, हे पाहायला हवे.

रस आणि आसक्ती

आपल्या पूर्वजांनी यावर खोल विचार केला होता. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रसांची चर्चा आहे. शोक हा भाव रंगमंचावर करुण रस होतो. घरात शोक नकोसा वाटतो, पण नाटकातला करुण रस अनुभवायला आपण तिकीट काढून जातो. असे कसे? अभिनवगुप्तांसारख्या आचार्यांनी याला साधारणीकरण म्हटले. रंगमंचावरचे दुःख त्या क्षणी ना नटाचे असते, ना तुमचे. ते मानवाचे दुःख होते. 'मी' आणि 'माझे' थोडा वेळ बाजूला सरते आणि मन विरघळते. त्या विरघळण्यात आनंद आहे. जो असा विरघळू शकतो, त्याला सहृदय म्हटले आहे. तेव्हा कथा पाहताना तुमचे डोळे भरून येत असतील तर लाजू नका. तुमचे हृदय अजून कोरडे पडलेले नाही.

मात्र नाटकाला एक पडदा असायचा. प्रयोग संपला की पडदा पडे, दिवे लागत, लोक बाहेर येत, चहा घेत आणि बोलत बोलत घरी जात. जे अनुभवले ते मुरायला वेळ मिळे. आता एक भाग संपतो आणि काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. पडदा पडतच नाही. रस मुरत नाही, नुसती तहान वाढते. रसाची आसक्ती होते ती इथे. रात्रीचे दोन वाजतात, सकाळचे ध्यान चुकते, आणि ज्या पात्रासाठी जागलो ते तर कधी जन्मलेच नव्हते.

भागवतातील भरत राजाची कथा तुम्हाला माहीत असेल. राज्य सोडून तो तपाला बसला. नदीत वाहून जाणारे हरणाचे पाडस त्याने वाचवले. त्याची दया चुकीची नव्हती. पण हळूहळू पाडसाशिवाय त्याला काही सुचेना. साधना सुटली. अंतकाळी चित्त हरणात राहिले आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला. त्याचे हरीण तरी जिवंत होते. आपले हरीण पडद्यावर आहे.

हे अश्रू कोणाचे?

आता त्या आजींकडे परत येऊ. मी त्यांना म्हटले, "मालिकेतल्या त्या बाईचे राहू द्या. मला काकांबद्दल सांगा." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग बोलू लागल्या. काका रोज पहाटे उठून बंब पेटवायचे. रेडिओ लावायचे, पण इतका हळू की त्यांनाच ऐकू यायचा. गेले त्या दिवशी पाहुण्यांचे चहापाणी, दिवसकार्य, कागदपत्रे, आणि मग घर आवरून बेंगळुरू. "रडायला वेळच कुठं होता?" असे म्हणाल्या आणि रडू लागल्या. या वेळी मालिकेसाठी नाही.

दोन वर्षे अडलेले पाणी होते ते. त्याला मालिकेच्या रूपाने एक वाट सापडली. आजींचे अश्रू खोटे नव्हते. फक्त ते दुसऱ्याच पत्त्यावर गेले होते.

तुमच्याही बाबतीत असे असू शकते. ज्या पात्रावर तुमचा जीव जडला आहे, त्याच्यात काय आहे ते पाहा. ते धीट असेल, तर तुम्हाला कुठेतरी घाबरल्यासारखे होत असेल. त्याचा मित्र त्याला सोडून जात नसेल, तर तुमचे कोणीतरी सोडून गेले असेल. पात्र हा आरसा आहे. पण आपण आरशालाच मिठी मारतो आणि चेहरा पाहायचा राहून जातो.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करूया. पात्रावर प्रेम करणे सोपे आहे, कारण ते काही मागत नाही. ते आजारी पडले तर तुम्हाला रात्र जागावी लागत नाही. ते रागावत नाही, तुमची चूक दाखवत नाही, नकोसे झाले की बंद करता येते. जिवंत माणूस असा नसतो. पडद्यावरच्या आईसाठी रडणारा मुलगा शेजारच्या खोलीतून हाक मारणाऱ्या आईला "थांब गं जरा" म्हणतो. इथे सावध व्हायला हवे.

याउलटही घडते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. ती त्यांच्या आठवणीतली खरी आई. पण वाचकाला ती पुस्तकातच भेटली. ते पुस्तक मिटवून स्वतःच्या आईजवळ जाऊन बसलेली माणसे महाराष्ट्रात घरोघरी आहेत. प्रेम पुस्तकात सुरू झाले आणि घरात पोहोचले. हीच अक्लिष्ट वृत्ती.

तुम्ही काय करू शकता?

पडदा तुम्ही पाडा. भाग संपला की पुढचा सुरू होण्याआधी बंद करा. पाच मिनिटे डोळे मिटून बसा. श्वासाकडे लक्ष द्या. छातीत, घशात, पोटात काय जाणवते ते पाहा. त्याला चांगले-वाईट म्हणू नका. भावना ही शरीरात उठणारी संवेदना आहे, आणि पाहिली की ती उलगडते.

एक प्रश्न विचारा. "हे खरे कोणासाठी आहे?" उत्तर लगेच येणार नाही. येऊ द्या.

गुण घ्या, नाव सोडा. ऑटोवर नायकाचे चित्र लावणे सोपे, मीटरने चालवणे कठीण, हे बेंगळुरूकर हसत हसत मान्य करतील. आपलेही तसेच आहे. ज्या पात्राचा धीर आवडतो, त्याचा थोडा धीर आज एका ठिकाणी वापरून पाहा.

जेवढे तिथे दिले, त्यातले थोडे इथे द्या. पात्रासाठी मन भरून आले, त्या दिवशी एका जिवंत माणसासाठी काहीतरी करा. एक फोन, एक भेट, थोडी सेवा.

घरात कोणी असे रडत असेल, तर हसू नका. विशेषतः मुले आणि वृद्ध. "त्यात एवढं काय?" असे म्हणण्याऐवजी "मला सांग ना, काय झालं त्यात?" असे विचारा. कदाचित तुमच्या घरातील न बोललेली गोष्ट त्या निमित्ताने बाहेर येईल.

जर मात्र झोप, जेवण, अभ्यास किंवा काम बिघडत असेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर एकट्याने सोसू नका. जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांची मदत घ्या. साधना आणि उपचार एकमेकांच्या आड येत नाहीत.

काही आठवड्यांनी आजी पुन्हा भेटल्या. मालिका अजून पाहतात. मी बंद करा म्हटलेच नव्हते. पण आता नातू कधी कधी शेजारी येऊन बसतो. मालिका संपली की आजी त्याला काकांच्या रेडिओची गोष्ट सांगतात. मुलानेही एक जुना रेडिओ शोधून आणला आहे. "लागत नाही फारसा," त्या म्हणाल्या, "नुसती खरखर येते. पण पहाटे लावते मी. हळूच."

कथा संपल्या की आज तुम्हीही मान वर करून पाहा. खोलीत कोण आहे?