उपरोध आणि प्रकृतीचे स्मरण

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीवरून एक छोटे विमान पाऊस पाडण्यासाठी उडाले. हवेतील विषारी धूर पावसाने धुऊन निघावा, एवढ्यासाठी हा उपक्रम होता. दिल्ली शासनाचा त्यामागे पुढाकार होता आणि कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे साह्य होते. ढगांत बीजरोपण झाले. परंतु मुळात त्या ढगांतच ओलावा इतका थोडा होता, की सांगण्याजोगा पाऊस काही पडला नाही. शेरे मात्र मुबलक पडले. ढगांना आधी रीतसर नोटीस बजावायला हवी होती, इथपासून ते राजधानीत सगळे वरूनच ठरते, एवढे मात्र वरून आले नाही, इथपर्यंत. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नव्हता. २००३, २०१५ आणि २०१९ या वर्षी येथील दुष्काळी भागांवरही अशीच विमाने फिरली होती, आणि तेव्हाही गावोगावच्या पारांवर विनोदाला तोटा नव्हता.

अशा बातमीवर वक्र शेरा मारून मोकळा होणारा माणूस नेमके काय करीत असतो, हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही. घडलेल्या विपरीताची तो नोंद घेत असतो, की नोंद घेण्याच्या जबाबदारीतून स्वतःची सुटका करून घेत असतो? दोन्ही क्रिया बाहेरून सारख्याच दिसतात. ओठांचा कोपरा तसाच मुडपतो, ऐकणारा तसाच मान डोलावतो. नैतिक विचाराच्या दृष्टीने मात्र या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे जे विभाव सांगितले आहेत, त्यांत पहिला मान विकृतीला आहे. विकृत वेष आणि विकृत अलंकार हे हास्याचे प्रथम कारण. त्यापुढे धार्ष्ट्य येते, लौल्य येते, असत्प्रलाप येतो आणि दोषोदाहरणही येते. (कोणत्याही दिवसाचे वृत्तपत्र उघडले, तर ही यादी पहिल्या पानावरच पुरी होते.) परंतु विकृत ही संज्ञा स्वतःच्या पायावर उभी राहणारी नव्हे. जे विकृत आहे ते कशाच्या तरी तुलनेने विकृत आहे. मेखला कमरेला बांधायची असते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ती गळ्यात पाहून हसू येईल. म्हणजे प्रत्येक हास्याच्या पोटात प्रकृतीचे एक स्मरण दडलेले असते. उपरोधाच्या पोटात तर ते असलेच पाहिजे, कारण उपरोध हे निव्वळ हसणे नसून तुलना करणे असते. ज्या दिवशी हे स्मरण पुसले जाते, त्या दिवशी शब्द तेच राहतात, चेहऱ्यावरची वक्र रेषाही तीच राहते. पण उपरोध संपलेला असतो आणि केवळ सवय उरलेली असते.

दिल्लीच्या हवेची गोष्ट या दृष्टीने उद्बोधक आहे. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय वायुगुणवत्ता निर्देशांक सुरू झाला. शून्य ते पाचशे अशी त्याची मोजपट्टी आणि तिच्यात सहा पायऱ्या. पन्नासपर्यंत चांगली हवा, शंभरापर्यंत समाधानकारक, दोनशेपर्यंत मध्यम, तीनशेपर्यंत खराब, चारशेपर्यंत अत्यंत खराब आणि त्यापुढे गंभीर. विषाला नाव आणि अंक मिळाला, म्हणजे त्याच्याशी लढणे सोपे जाईल, ही यामागची भूमिका योग्यच होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीच्या उच्च न्यायालयाने राजधानीतील वास्तव्याला विषारी वायूच्या कोठडीची उपमा दिली, आणि ती उपमा तेव्हा लोकांना झोंबली. डिसेंबर २०१७ मध्ये श्रीलंकेचे क्रिकेटपटू दिल्लीच्या कसोटी सामन्यात मुखपट्ट्या बांधून मैदानात उतरले, खेळ वारंवार थांबला, आणि देशभर त्यावर जे विनोद झाले त्यांत लाज होती. परका माणूस घरात आला आणि घराची दुर्गंधी त्याच्या चेहऱ्यावर दिसली, तेव्हा यजमानाला वाटावी तशी ती लाज होती.

पुढे काय झाले? मोजपट्टी तीच राहिली, तिच्यावरची माणसाची नजर मात्र खाली सरकली. निर्देशांक चारशेच्या आत आला, की हवा 'सुधारून' अत्यंत खराब श्रेणीत आली, असे वृत्त आता छापले जाते. या वाक्यात कोणी उपरोध केलेला नाही. ते सरळपणे, वृत्त म्हणून लिहिलेले असते. शिवाय ही मोजपट्टी पाचशेवर थांबते. त्यापलीकडे हवा कितीही बिघडो, शासकीय आकडा पाचशेच. शिवराम महादेव परांजपे यांनी एखाद्या साम्राज्याची थट्टा करण्यासाठी कल्पनेने रचावी, तशी ही परिस्थिती आहे. पण तिला रचणारा कोणी नाही. वास्तव स्वतःच वक्रोक्तीत बोलू लागले, की वक्रोक्तीकाराला काम उरत नाही, ही उपरोधाची पहिली अडचण.

परांजप्यांचे नाव येथे सहज आलेले नाही. १८९८ मध्ये पुण्यात त्यांनी 'काळ' सुरू केले, तेव्हा सरळ बोलणे राजद्रोह ठरत होते. म्हणून त्यांनी स्तुतीच्या वस्त्रात निंदा गुंडाळली. त्यांच्या वक्रोक्तीचे विश्लेषण मराठी समीक्षेने शैलीच्या अंगाने पुष्कळ केले आहे, काहीसे जास्तच; तिच्या नैतिक रचनेकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्या वक्रोक्तीला दोन आधार होते. एक असा की, वाचकाला स्वातंत्र्य ही प्रकृती आणि पारतंत्र्य ही विकृती आहे याचे भान होते, किंवा निदान ते जागे करता येईल असा लेखकाचा विश्वास होता. दुसरा असा की, ज्याच्यावर बाण सोडला त्याला तो लागत होता. १९०८ मध्ये परांजपे तुरुंगात गेले, १९१० मध्ये 'काळ' बंद पडले. एका अर्थाने परकीय सरकारने त्यांच्या उपरोधाला जी दाद दिली, ती नंतरच्या अनेक उपरोधकारांच्या वाट्याला आली नाही. त्या सरकारने त्यांचे म्हणणे गंभीरपणे घेतले.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. शंकर पिळ्ळे यांनी १९४८ मध्ये व्यंगचित्रांचे साप्ताहिक काढले, तेव्हा आपल्यालाही सोडू नका, असे पंडित नेहरूंनी त्यांना सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. हा उमदेपणा होता यात शंका नाही. पण त्यात एक सूक्ष्म धोकाही होता. ज्याच्यावर हसायचे तोच हसण्यात सामील झाला, की बाण निम्मा बोथट होतो. तरीही ते हसणे समोरासमोरचे होते, आणि ऑगस्ट १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, ते साप्ताहिक बंद झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अबू अब्राहम यांचे न्हाणीघरातून वटहुकमांवर सह्या करणाऱ्या राष्ट्रपतींचे चित्र प्रसिद्ध झाले. त्यावर भाष्य करण्याची गरज तेव्हा कोणाला वाटली नाही, आजही वाटत नाही. अलीकडे सत्ताधाऱ्यांना टीका बोचतच नाही, असेही नव्हे. २०१२ मध्ये एका तरुण व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. परंतु हे अपवाद आहेत. एरवी शासनसंस्थेने उपरोध पचवण्याची कला साध्य केली आहे. धुके गिळणारा चोवीस मीटर उंचीचा मनोरा दिल्लीत कॅनॉट प्लेसजवळ ऑगस्ट २०२१ मध्ये उभा राहिला. आकाशाला पंखा लावला, म्हणून त्यावर यथेच्छ हसून झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे नेमक्या धुराच्या दिवसांत, तो बंद पडल्याचे सर्वोच्च न्यायालयासमोर आले आणि तो चालू करा असे सांगण्याची पाळी न्यायालयावर आली. हसणाऱ्यांच्या लेखी तो आधीच संपलेला विषय होता. तो चालू आहे की बंद, हे पाहण्याइतका त्यांच्या हसण्याचा पल्ला नव्हता.

या ठिकाणी तमाशातल्या सोंगाड्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. वगातला राजा सिंहासनावर असतो, गावचा पाटील पुढच्या रांगेत असतो, आणि सोंगाड्या दोघांच्या देखत बोलतो. त्याचे बोलणे ग्राम्य असेल, भरताच्या कोष्टकात त्याचे हास्य अधम कोटीत जमा होईल. पण ते चोरटे नसते. भरताने स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार लावले ते हसणाऱ्याच्या प्रतीवरून, उत्तम, मध्यम आणि अधम अशा क्रमाने. दात न दाखवता हसणारा उत्तम. आजच्या सुशिक्षित उपरोधकाराचे स्मित अगदी या उत्तम कोटीतले असते. प्रश्न एवढाच की, ते कोणाच्या समोर केलेले असते. समानशील, समानवर्गीय आणि आधीच सहमत असलेल्या माणसांत केलेला उपरोध हा एक प्रकारचा पानसुपारीचा विधी होतो. त्यातून कोणी दुखावत नाही, कोणी बदलत नाही; एकमेकांच्या हुशारीवर मात्र शिक्कामोर्तब होते.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'त हा दोष नाही, याचे कारण शोधण्यासारखे आहे. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या ज्या रूढींच्या फजितीचे कारण होतात, त्या रूढींत ते स्वतः गळ्यापर्यंत रुतलेले आहेत. हसणारा आणि हास्यास्पद यांच्यात भिंत नाही. दिल्लीतील किंवा मुंबईतील उपरोधकार मात्र हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या मंद घरघरीत बसून हवेबद्दल बोलतो. त्याच्या मोटारीचा धूर बाहेर आहे आणि फाटकावरचा पहारेकरी हिवाळ्याच्या रात्री काटक्या जाळून शेकत बसला आहे. त्या पहारेकऱ्याला या विषयावर विनोद सुचत नाही, असे नव्हे. तो विकत घेऊ शकणारे एकमेव अंतर म्हणजे मफलरीचे टोक नाकावर ओढून घेणे, आणि तेवढ्या अंतरावरून स्मिताला जागा सापडत नाही.

उपरोध खाली वाहू लागला, की त्याचे रूप अधिकच बिघडते. पंजाबातला शेतकरी भाताचा पेंढा पेटवतो म्हणून राजधानीचा श्वास कोंडतो, हे वाक्य दर हिवाळ्यात ऐकू येते, आणि त्यासोबत त्या शेतकऱ्याच्या अडाणीपणावर शेलके शेरेही. आता या आगीचा मागोवा घ्यावा. पंजाबातील भूजल झपाट्याने खालावत होते. ते वाचवण्यासाठी २००९ मध्ये तेथे कायदा झाला आणि १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास बंदी आली, म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात शेते भरण्यासाठी उपसा होऊ नये. हेतू निर्मळ होता. पण लावणी लांबली म्हणून कापणी लांबली, आणि कापणी व गव्हाची पेरणी यांच्यातील अवधी आक्रसला. यंत्राने कापलेल्या भाताचे बुडखे रानात उभे, गव्हाची वेळ टळत चाललेली, मजुरी परवडत नाही. तेव्हा काडी ओढणे हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरला. शिवाय कापणी लांबल्याने ही आग नेमकी वारा मंदावण्याच्या दिवसांत आली. पाणी वाचवणाऱ्या कायद्याचा वाटा हवा बिघडण्यात असावा, आणि भाताखेरीज दुसरे पीक घ्यायला शेतकरी धजत नाही याचे कारण शासनानेच त्याला दिलेली हमीभावाची खरेदी असावी! हा उपरोध कोणा लेखकाचा नाही, घटनांचा आहे. तो ज्याला दिसतो त्याला शेरा मारणे जड जाते. अज्ञानावर पोसलेला उपरोध चटकन सुचतो; ज्ञानातून आलेला उपरोध उशिरा सुचतो आणि बहुधा त्याचा आवाज खाली आलेला असतो.

प्रकृतीचे स्मरण पुसट होण्याची प्रक्रिया हवेपुरती मर्यादित नाही. जानेवारी २०२४ मध्ये तमिळनाडूतील एका प्रकाशन समारंभात करुणानिधी पडद्यावर अवतरले आणि त्यांनी आपल्या पुत्राच्या कारभाराची प्रशंसा केली. करुणानिधी २०१८ मध्ये निवर्तले होते. चित्र आणि आवाज यंत्रबुद्धीने घडवले होते. पूर्वीच्या काळी मृत नेता प्रचाराला येतो, ही कल्पना प्रहसनकाराला वर्षभर पुरली असती. येथे सभेने टाळ्या वाजवल्या, दोन दिवस शेरे झाले, आणि पुढच्या निवडणुकीत हे तंत्र प्रचाराच्या साहित्यात जमा झाले. द्वेषाने रचलेल्या खोट्या चित्रफितींच्या तुलनेत हा प्रकार निरुपद्रवी होता, असे म्हणता येईल, आणि ते खरेही आहे. पण हा बचाव किती सहज सुचतो, हेही पाहण्याजोगे आहे. 'अत्यंत खराब' ही सुधारणा वाटावी, तसाच हा युक्तिवाद आहे.

रा. कृ. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातला सामान्य माणूस १९५१ पासून अर्धशतकाहून अधिक काळ हे सारे पाहत राहिला. तो बोलत नसे, ही त्याची खरी शक्ती होती. शेरा दुसऱ्या पात्राचा असे. त्याच्या वाट्याला फक्त पाहणे असे, आणि त्याच्या विस्फारलेल्या डोळ्यांत दरवेळी नवा अचंबा असे. लक्ष्मण यांच्या कलेचे मर्म रेषेइतकेच या न आटणाऱ्या अचंब्यात आहे. हा माणूस निर्ढावला नाही. खड्डा पाहून तो विसाव्या वर्षीही चकित झाला. पुढे वरळीच्या समुद्रकिनारी आणि पुण्यात त्याचे पुतळे उभारले गेले. पुतळ्याला चकित होता येत नाही. पण हा गौरव आहे, आणि गौरवाला नावे ठेवू नयेत.

निर्देशांक सुरू झाला त्या वर्षी दिल्लीत जन्मलेले मूल आता दहा वर्षे ओलांडून गेले आहे. नोव्हेंबरात हवेमुळे शाळा बंद राहतात आणि घरी पडद्यासमोर बसून शिकायचे असते, हे त्याला पावसाळ्यात पाऊस पडण्याइतके स्वाभाविक वाटते. ढगांवर पाठवलेल्या विमानाचा विनोद त्याला सांगितला, तर तो विनोद का आहे हे त्याला कळणार नाही. ते कळण्यासाठी आधी त्याला सांगावे लागेल की, या शहरात दिवाळीनंतर हवेत गारवा येई, सकाळी गच्चीवर उन्हात बसून लोक भुईमुगाच्या शेंगा खात, आणि रात्री तारे दिसत. हे सांगताना सांगणाऱ्याला हसू येईल असे नाही. मुलाला मात्र प्रश्न पडेल की, तारे दिसत म्हणजे किती दिसत, आणि त्याचे उत्तर द्यावे लागेल.